घरी दहा-बारा फळभरल्या कुकीज करताना सारण बाहेर येऊ नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात राहता, घरात दोघंच, ओटीजी छोटा. बाजारचा जॅम भरून कुकीज केल्या तर तो ट्रेभर पसरला, आणि ज्या धड निघाल्या त्या दुसऱ्या दिवशी नरम पडल्या. दोन्हीचं मूळ एकच आहे: सारणातला ओलावा. जॅम पोळीला लावायला बरा, पण ओव्हनच्या उष्णतेत पातळ होऊन वाहतो. म्हणून आधी सारण घरी करा.

माझा कौल पेरूला. आंबा, स्ट्रॉबेरी सगळ्यांना आधी सुचतात, पण पेरूत पेक्टिन (फळाचा रस घट्ट करणारा नैसर्गिक घटक) भरपूर असल्यामुळे तो साखर-लिंबाबरोबर शिजला की आपोआप घट्ट बसतो. वसई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत नाताळला पेरूचं चीज (दुधाचं नव्हे, पेरूचा गर आटवून केलेली घट्ट वडी) करतात, ते खाल्लं असेल तर मी काय म्हणते ते लगेच कळेल. आपल्याला त्याच्या थोडं अलीकडे थांबायचं आहे. जांभळी नाक्यावरून दोन मध्यम पेरू आणा, अगदी मऊ झालेले नकोत. जरा कच्चट फळात पेक्टिन जास्त असतं. फोडी करून थोड्या पाण्यात शिजवा आणि चाळणीतून घासून बिया काढा. साधारण 200 ग्रॅम गर निघाला तर 100 ग्रॅम साखर आणि चमचाभर लिंबाचा रस घालून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवा. शेवटी शेवटी अंगावर उडतं, लांब दांड्याचा चमचा घ्या. चमचा तळाशी ओढल्यावर वाट तशीच राहिली की गॅस बंद. पूर्ण गार होऊ द्या. कोमट सारण भरलं तर बटर तिथेच सुटतं आणि कड चिकटत नाही.

पेरू नसतील तेव्हा खजूर किंवा सुकं अंजीर वाटून घ्या, साखरही लागत नाही. हापूसचा गर चालतो, फक्त जास्त वेळ आटवावा लागतो. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, तिच्यात सफरचंद किसून घाला. कलिंगड, द्राक्षं या कामाची नाहीत.

आता पीठ. 120 ग्रॅम मैदा, 45 ग्रॅम पिठीसाखर, 75 ग्रॅम थंड बटर. नेहमीचं खारं बटर वापरलं तर मीठ घालू नका. बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करा, मग चमचाभर थंड दूध घालून फक्त गोळा जमवा. कणकेसारखं मळलं तर कुकीज चिवट होतात. मी नेरूळला राहते; इथल्या काय किंवा ठाण्याच्या काय, दमट हवेत हा गोळा बघता बघता तेलकट होतो. त्यामुळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच, आणि लाटताना मध्येच मऊ वाटला तर पुन्हा ठेवा. दुधाची पिशवी कापून, धुऊन, पुसून घ्या आणि तिच्या दोन तुकड्यांमध्ये लाटा, म्हणजे वरून मैदा भुरभुरावा लागत नाही.

साधारण 4 मिलिमीटर जाड लाटून छोट्या वाटीने चकत्या पाडा, 24 तरी होतील. अर्ध्या चकत्यांवर मधोमध एक लहान चमचा सारण, त्याहून जास्त मोह नको. कडेला दुधाचं बोट फिरवून वर दुसरी चकती ठेवा आणि करंजीची कड दाबतो तशी नीट दाबा. वरून काट्याने दोन-तीन टोचे मारा. आतली वाफ तिथून निघते. नाहीतर ती कड फोडून निघते आणि मागोमाग सारणही. ट्रे दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग भाजा: वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, मधली जाळी, आधी तापवलेला ओव्हन, 170 अंश, 15 ते 18 मिनिटं. कडा फिकट सोनेरी झाल्या की बाहेर काढा. तेव्हा त्या मऊच लागतील, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. सारण मात्र बराच वेळ जीभ भाजेल इतकं गरम राहतं.

नरम पडण्याचं म्हणाल तर सारण कितीही आटवा, त्यातला थोडा ओलावा पिठात जाणारच, पावसाळ्यात हवेतलाही जातो. तुम्ही दोघंच आहात, तर एका वेळी सहाच भाजा. उरलेल्या कच्च्याच, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा ताटलीत ठेवून फ्रीझरमध्ये कडक करा आणि मग डब्यात भरा. हव्या तेव्हा न वितळवता थेट ओव्हनमध्ये घाला, वेळ तेवढा तीन-चार मिनिटं जास्त द्या.