नवीन शहरात आल्यावर कोणत्या चर्चमध्ये जावं आणि तिथली शिकवण आपल्या मतांशी जुळली नाही तर काय करावं?

एका रविवारवरून ठरवू नका, सलग चार-पाच उपासना बसून पाहा. पाळक (पास्टर) बायबलची एक ओळ वाचून पुस्तक मिटतात की पूर्ण उतारा उलगडतात, हे ऐका. प्रेषितांचा मतांगीकार (ख्रिस्ती विश्वासाचा जुना, थोडक्यातला कबुलीजबाब) मानतात का, बाप्तिस्मा कोणाला देतात, अर्पणाचा हिशेब मंडळीपुढे मांडतात का, हे थेट विचारा. बाप्तिस्म्यावर गोंधळ हमखास होतो: 1970 साली नागपुरात स्थापन झालेल्या सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये बालबाप्तिस्मा आणि प्रौढपणीचा बाप्तिस्मा दोन्ही चालतात, तर बहुतेक पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या) मंडळ्या फक्त विश्वास कबूल करणाऱ्याला पाण्यात बुडवून देतात.

मत जुळलं नाही की लगेच चर्च बदलणारे बरेच. आधी आपलं मत कागदावर एका वाक्यात लिहा, खाली आधाराची वचनं. वचन सापडत नसेल, तर ते मत बहुधा घरच्या सवयीतून आलेलं असतं. बिरुया गावचे लोक प्रेषित पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात तपासत (प्रेषितांची कृत्ये 17:11). तीच फूटपट्टी स्वतःलाही लावा. वचन स्पष्टपणे आपल्या मताविरुद्ध असेल तर मत सोडायचं, आवडो न आवडो. गाण्यांची चाल, बसायची पद्धत यावरून मात्र भांडू नका. आणि प्रश्न विचारल्यावर पाळक चिडत असतील, तर दुसरीकडे बघा.