आई विचारते, "मी जातेय का गं?"

*मावशी, सलाम. आम्ही इंदूरचे. आई ७२ वर्षांची, माहेर नगरचं, लग्न होऊन इथे आली. तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, तो आता यकृतात पसरलाय. डॉक्टरांनी केमो थांबवून घरी न्यायला सांगितलं. आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं रोज संध्याकाळी येतात, हिंदीतून मोठमोठ्याने प्रार्थना करतात, "विश्वास धर, आई उठून बसेल" म्हणतात. एक काकू म्हणाल्या, मॉर्फिन सुरू केलंत म्हणजे तुम्ही आशाच सोडलीत. भाऊ पुण्याला आहे, नाताळात येणार. परवा रात्री आईने विचारलं, "मी जातेय का गं?" मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस!" आणि उठून भांडी घासायला गेले. तेव्हापासून ती गप्प आहे. आणि "आईला बरं कर" ही प्रार्थना माझ्या तोंडून निघत नाही. माझी आशा संपली का?*

बाळ, सलाम.

तुझं पत्र वाचताना भांड्यांच्या वाक्यापाशी मी थांबले. माझ्या बाबांनीही त्यांच्या शेवटच्या दिवसांत मला विचारलं होतं, "किती दिवस राहिलेत?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे." बाबांनी नुसती मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली. ही खरं बोलणार नाही, हे त्यांनी ओळखलं. पुढचे नऊ दिवस आम्ही चहात साखर किती आणि पंखा कितीवर ठेवू, एवढंच बोललो. बाकी सगळं ते बरोबर घेऊन गेले. तुझ्याकडे अजून वेळ आहे, म्हणून आधी हे सांगते.

ती आपणहून पुन्हा विचारणार नाही. आज रात्री तूच विषय काढ. "आई, त्या दिवशी तू विचारलंस आणि मी पळाले. तुला काय वाटतंय?" एवढं म्हण आणि गप्प बस. "हो आई, डॉक्टरही तसंच म्हणतात" असं म्हणायची वेळ आली तर म्हण. रडू आलं तर तिच्यासमोर रड. तिच्यापासून लपवून तू काय वाचवणार आहेस? तिला तिच्या देहातून सगळं कळतंय.

आता आशेचं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय काढ. प्रभू येशू बेथानी गावी पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. लाजराची बहीण मार्था त्याला तोंडावर म्हणाली, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्याने तिला अविश्वासी म्हटलं नाही. आणि थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार आहोत, हे ठाऊक असूनही तो रडला. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने स्वतःसाठी मागितलं, हा दुःखाचा प्याला टळू दे. टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असं त्या काकू म्हणतील का? आई उठून बसली तर आनंदच आहे, तसं मागायला कुणाची ना नाही. पण आपण टेकलोय ते पुनरुत्थानाच्या सकाळवर. आईचा पलंग रिकामा झाला तरी ती सकाळ जागची हलत नाही.

प्रार्थना होत नाही म्हणतेस. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो की आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा पवित्र आत्माच आपल्यासाठी कण्हून विनंती करतो. कण्हणं. रात्री आईच्या खोलीतून तुला जे ऐकू येतं तेच. ते वर पोचतं, असं पौलाचं म्हणणं आहे, आणि माझा त्यावर पूर्ण भरवसा आहे.

मॉर्फिन बिलकूल बंद करू नकोस. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत दिलं तर त्याने मरण जवळ येत नाही, दुखणं लांब जातं. दुखणं परत येण्याची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं. सिसिली साँडर्स या श्रद्धाळू ख्रिस्ती बाईंनी, आधी नर्स आणि मग डॉक्टर होऊन, १९६७मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू केलं आणि हेच जगाला शिकवलं. त्यांनी आशा सोडली होती, असं कोण म्हणेल? मॉर्फिनने पोट साफ होत नाही, त्याचं औषध डॉक्टरांकडून सोबतच मागून घे. जेवणासाठी आग्रह नको, घास घशात अडकतो. ओल्या कापसाने ओठ टिपत राहा.

आणि चर्चच्या पाळकसाहेबांना स्पष्ट सांग की संध्याकाळची गर्दी आता पुरे. त्यांनी एकट्याने यावं आणि आईला प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाने भाकर आणि द्राक्षरस, द्यावं. गिळवत नसेल तर ओठांना द्राक्षरसाचा थेंब लावला तरी चालेल.

मग ती आणि तू दोघीच असताना तिच्यासोबत मराठीतून प्रार्थना कर. आई नगरची, म्हणजे तिथेच राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी ख्रिस्ती भजनं लहानपणीच कानावर पडलेली असणार. येत असतील तेवढ्या ओळी गुणगुण. बायबलमधलं दाविदाचं २३वं स्तोत्र हळू वाच. त्यात एक गोष्ट आहे, मलाही फार उशिरा दिसली. सुरुवातीला दावीद देवाबद्दल बोलतो: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला नेतो. मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल पडलं की बोलणं बदलतं: "तू माझ्याबरोबर आहेस." दरी येईपर्यंत 'तो', दरीत शिरल्यावर 'तू'. वाचताना हात तिच्या हातात ठेवून बस. तिने डोळे मिटले तरी वाचत राहा. शुद्ध हरपत गेली तरी ऐकणं बऱ्याच उशिरापर्यंत टिकतं, असं म्हणतात.

भावाला आजच फोन कर. नाताळ नको, या आठवड्यात ये म्हणावं, पुणे-इंदूर गाडीचं तिकीट मिळेल त्या दिवसाचं काढ म्हणावं. त्याचंही आईशी काहीतरी बोलायचं राहिलेलं असेल.

आईला माझा सलाम सांग.

तुझी,
मावशी