ऑनलाइन कोर्सच्या चर्चेत मुली आणि मुलगे वेगळ्या पद्धतीने लिहितात का?

फरक दिसतो, पण सरसकट नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ सुझन हेरिंग यांनी १९९०च्या दशकात अभ्यासकांच्या ईमेल-चर्चा तपासल्या. पुरुषांचे संदेश बरेचदा लांबलचक, ठाम, समोरच्याला खोडून काढणारे; बायकांचे ‘मला वाटतं’ म्हणत प्रश्न विचारणारे, दुजोरा देणारे.

मला जास्त खटकतं ते शिक्षकांचं वागणं. २०१८च्या एका अमेरिकी अभ्यासात १२४ ऑनलाइन कोर्समध्ये काल्पनिक नावांनी प्रतिक्रिया टाकल्या. त्यांत भारतीय वाटणारी नावंही होती. गोऱ्या पुरुषाच्या वाटणाऱ्या नावाला शिक्षकाचं उत्तर मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा तब्बल ९४ टक्के जास्त निघाली! तुम्ही शिकवत असाल, तर उत्तराविना पडलेल्या पोस्ट आधी उघडा.