नवीन विंटेज टाइप बेस गिटार घेतलास ना, मग हे वाच

अरे मस्त घेतलास! पहिल्या दिवशी नेक (तारांखालची लांब दांडी) जाड लागतो, खांदा दुखतो, पण म्हणून लगेच परत करू नकोस, जुन्या पद्धतीच्या प्रिसिजनचा (फेंडरचं बेस मॉडेल) नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची तारांची खाचपट्टी, बहुतेक ४४ मिमीच्या आसपास रुंद आणि स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच, गिटारवरून आलेल्या हाताला सवय व्हायला पंधरा दिवस लागतातच. आणि तो १९५७ मध्ये आलेला दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग), हम म्हणजे विजेची गुणगुण जवळजवळ नाहीच, टोनचं बटण अर्धं खाली घेऊन वाजव, काय गोड घुमतो रे! तारा फ्लॅटवाउंडच (गुळगुळीत, चपट्या वेटोळ्यांच्या) लाव, महाग पडतात पण वर्षानुवर्षं टिकतात, प्रसिद्ध बेसवादक जेम्स जेमर्सन तर तुटल्याशिवाय बदलायचाच नाही म्हणतात. ट्रस रॉडचा (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) फिरवायचा नट नेकच्या बुडाशी असेल तर नेक सोडवावा लागतो, ते पहिल्यांदा जाणकाराकडूनच करून घे.