आधी फिलर प्लग, मग ड्रेन प्लग

प्रश्न : माझ्याकडे फोर-बाय-फोर पिकअप ट्रक आहे. त्याचे इंजिन ऑइल मी गेली कित्येक वर्षे घरीच बदलतो. आता गाडीचे 80,000 किलोमीटर पूर्ण झाले असून पुढच्या व मागच्या एक्सलचे आणि ट्रान्स्फर केसचे (इंजिनाची ताकद दोन्ही एक्सलना वाटून देणाऱ्या पेटीचे) ऑइल मात्र एकदाही बदललेले नाही. हे काम घरी करता येईल का, आणि तिन्ही ठिकाणी एकच ऑइल चालेल का?

उत्तर : काम घरी नक्की करता येईल. इंजिन ऑइल बदलणाऱ्याला यात फारसे नवे शिकावे लागत नाही, मात्र एक क्रम पाळावा लागतो आणि तो चुकला तर गाडी जागेवरच अडकते. एक्सलच्या हाउसिंगला बहुधा दोन प्लग असतात, तळाशी ऑइल काढण्याचा ड्रेन प्लग आणि साधारण मध्यावर ऑइल भरण्याचा फिलर प्लग. वरचा प्लग सुटतो आहे याची खात्री झाल्याशिवाय खालच्याला पाना लावू नये. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा उत्साहाच्या भरात आधी ड्रेन प्लग काढला, सगळे ऑइल परातीत निथळू दिले आणि मग फिलर प्लगकडे वळलो, तर तो गंजून असा घट्ट बसला होता की त्याची चौकोनी खाच झिजून गोल झाली, पण प्लग तसूभरही हलला नाही. एक्सल कोरडा पडल्यामुळे गाडी चालवत गॅरेजमध्येही नेता येईना. अखेर कारागिराला घरी बोलावून प्लगवर नट वेल्ड करून घ्यावा लागला, तेव्हा कुठे तो फिरला. म्हणून आदल्या संध्याकाळी दोन्ही प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशने घासून काढावी आणि गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. प्लगच्या खाचेत पाना पूर्ण खोलवर बसला आहे ना, हेही ताकद लावण्यापूर्वी पाहावे, कारण अर्धवट बसलेला पाना खाच खातो.

आता ऑइलविषयी. तिन्ही ठिकाणी एकच ऑइल चालेल असे गृहीत धरणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एक्सलमधील क्राउन व्हील (मोठे दातेरी चाक) आणि त्याला फिरवणारे छोटे पिनियन बहुतेक गाड्यांमध्ये हायपॉइड प्रकारचे असतात, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यरेषेवर नसून बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घसरतातही. हा दाब साधे ऑइल सहन करू शकत नाही. त्यासाठी गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेले जीएल-5 दर्जाचे (हा दर्जा डब्यावर छापलेला असतो) गिअर ऑइल लागते. डबा उघडताच येणारा उग्र वास या गंधकाचाच असतो. घट्टपणा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावा. 75डब्ल्यू-90 आणि 80डब्ल्यू-90 हे त्यातले नेहमीचे क्रमांक आहेत. 90 हा आकडा पाहून ते फार दाट असेल असे वाटते, पण गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे आणि 100 अंश सेल्सिअसला ते साधारण 40 किंवा 50 क्रमांकाच्या इंजिन ऑइलइतकेच घट्ट असते.

ट्रान्स्फर केसची गोष्ट निराळी आहे. काही गाड्यांच्या ट्रान्स्फर केसमध्ये गिअर ऑइल असते, अनेकांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ फ्लुइड असते, आणि जिच्यात आपोआप जुळणारा क्लच असतो तिला उत्पादकाने ठरवून दिलेले खास फ्लुइडच घालावे लागते. पातळ फ्लुइडसाठी बनवलेल्या केसमध्ये दाट गिअर ऑइल भरले तर आतला छोटा पंप ते थंडीत नीट ओढू शकत नाही, आणि क्लच असलेल्या केसमध्ये चुकीचे फ्लुइड गेले तर क्लच घसरू लागतो किंवा धक्के देतो. इथे दुकानदाराच्या, शेजाऱ्याच्या किंवा माझ्याही अंदाजावर विसंबू नये. पुस्तिकेत जे छापले आहे तेच आणावे. प्रमाणही तिथेच पाहावे. ढोबळमानाने एका एक्सलमध्ये दोन ते तीन लिटर आणि ट्रान्स्फर केसमध्ये एक ते दोन लिटर मावते.

प्रत्यक्ष कामाआधी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी. कोमट झालेले ऑइल पातळ होते आणि तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन बाहेर पडते. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि चाके सरकू नयेत म्हणून त्यांना उटी, म्हणजे दगड किंवा ठोकळा, लावावी. गाडीखाली आरामात शिरता येत असेल तर ती उचलूच नये, असे माझे मत आहे. एकच बाजू उचलली तर ऑइलची पातळी खोटी दिसते. उचलणे भागच असेल तर चारही बाजू सारख्या उंचीवर स्टँडवर टेकवाव्यात, कारण केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

जुने ऑइल थेंब थेंब पडू लागेपर्यंत धीर धरावा. ड्रेन प्लग पुसून, नवा वॉशर घालून, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच पिळाने, आवळावा. ट्रान्स्फर केसचे आवरण बहुधा ॲल्युमिनियमचे असते आणि त्याचे आटे अंगच्या जोराने सहज जातात, म्हणून तिथे प्लग सुरुवातीला हातानेच फिरवत न्यावा. नवे ऑइल हातपंपाने किंवा लांब नळीच्या बाटलीने भरावे. फिलरच्या भोकातून ते बारीक धारेने परत ओघळू लागले की थांबावे, आणि ओघळणे थांबले की प्लग बसवावा. करंगळी भोकात घालून टोक खाली वाकवले की तिला ऑइल लागले पाहिजे. काही गाड्यांमध्ये पातळी भोकाच्या काठापेक्षा थोडी खाली ठेवण्याची सूचना असते, ती असल्यास तीच पाळावी. जास्त भरल्याने फायदा काहीच नाही. फेस होतो आणि ऑइल सीलमधून गळू लागते.

प्रश्न : ऑइल बदलताना मागच्या एक्सलच्या ड्रेन प्लगला असलेल्या चुंबकावर करड्या रंगाचा लेप दिसला आणि पुढच्या एक्सलमधून दुधाळ कॉफीसारखे ऑइल निघाले. यात काळजीचे काही आहे का?

उत्तर : करड्या लेपाची काळजी करू नये. तो चिमटीत घेऊन चोळून पाहावा. लोण्यासारखा मऊ लागला तर ती दातांची नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे तुकडे, पातळ सुयांसारखे कीस किंवा दाताचा कोपरा सापडला तर मात्र ऑइल बदलून भागणार नाही, एक्सल उघडून पाहावा लागेल.

दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी गेले आहे. तुम्ही गाडी ओढ्यातून किंवा साचलेल्या पाण्यातून नेली असावी. चालून तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरची हवा आत ओढू पाहते. ती हवा वर बसवलेल्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करण्याच्या छोट्या तोटीतून, यायला हवी, पण ब्रीदर चिखलाने बुजला असेल किंवा तोच पाण्याखाली गेला असेल तर पाणीच आत येते. ब्रीदर काढून साफ करावा, त्याची नळी तुटलेली नाही ना हे पाहावे, आणि नवे ऑइल थोडे चालवून पुन्हा तपासावे. तेही फिकट झाले तर आणखी एकदा बदलावे आणि सील तपासून घ्यावेत. अशा वेळी किलोमीटरचा हिशेब धरू नये. पाण्यातून गेलेल्या गाडीचे ऑइल लगेच पाहावे.

प्रश्न : ऑइल बदलल्यापासून सावकाश वळताना मागून थरथर जाणवते. आधी ती नव्हती. माझी काही चूक झाली का?

उत्तर : वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी एक्सलमधील गिअरची जोडणी म्हणजे डिफरन्शियल. तुमच्या गाडीत ते लिमिटेड-स्लिप प्रकारचे, म्हणजे एकच चाक मोकळे फिरू न देणारे, असण्याची शक्यता आहे. त्याच्यातील क्लच प्लेटा वळताना एकमेकींवरून घसरतात, आणि ते घसरणे मऊ राहावे म्हणून ऑइलमध्ये एक वेगळे रसायन मिसळावे लागते. काही डब्यांत ते आधीच मिसळलेले असते, काहींत नसते. डब्यावरील मजकूर पुन्हा वाचावा. नसल्यास त्याची छोटी बाटली वेगळी मिळते. ती फिलरमधून घालावी, पातळी काठाशीच असेल तर आधी तेवढेच ऑइल काढून घ्यावे, आणि मग मोकळ्या मैदानात इंग्रजी आठाच्या आकारात गाडी सावकाश दहा-बारा फेऱ्या फिरवावी, म्हणजे ते प्लेटांच्या मध्ये पोचते. तरीही थरथर राहिली तर प्लेटा झिजल्या असाव्यात. काढलेले जुने ऑइल पाणी न मिसळता झाकणाच्या डब्यात भरून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. दुधाळ झालेले ऑइल मात्र वेगळ्या डब्यात ठेवावे आणि देताना त्यात पाणी असल्याचे सांगावे.