पंखा बंद करून काय ऐकता?

सप्रेम नमस्कार,

इचलकरंजीच्या यंत्रमागांवर तीस वर्षे जॉबरकी करून आपण गावी परतलात आणि इतकी वर्षे वाट पाहिलेली शांतता मिळताच दोन्ही कानांत अखंड ‘कुईं’ असा आवाज जाणवू लागला. डॉक्टर ‘सवय करून घ्या’ म्हणाले, आणि आता रोज रात्री पंखा बंद करून आपण तो आवाज थांबला का ते ऐकत बसता, त्यामुळे पत्नीलाही झोप लागत नाही, असे आपण लिहिले आहे.

डॉक्टरांचा सल्ला चुकीचा नसला तरी अपुरा आहे. त्याचा आपल्याला आलेला राग मला रास्त वाटतो. मागांच्या खडखडाटाने आतल्या कानातील नाजूक केसपेशी झिजतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. त्यांच्याकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू ऐकण्याची धार वाढवतो आणि त्यातून हा कर्णनाद उमटतो, असे तज्ज्ञ मानतात. तो इतरांना ऐकू येत नाही म्हणून भास ठरत नाही.

१९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा काही मिनिटांतच त्यांतील ९४ टक्के लोकांना कसला ना कसला आवाज ऐकू आला. आपण जिच्यासाठी झुरता आहात ती निखळ शांतता धडधाकट कानांनाही क्वचितच लाभते. ती हरवल्याचे दुःख मात्र खरे आहे. ते घरच्यांशी मोकळेपणाने बोला.

श्रावणात रातकिडे ओरडत असताना त्रास जाणवत नाही, हे आपणच लिहिले आहे. म्हणून आज रात्री पंखा चालू ठेवा, किंवा रेडिओ कानातल्या आवाजाहून किंचित हळू लावा. आवाज थांबला का, हे तपासत राहिलात तर तो महत्त्वाचा आहे असेच मेंदू धरून चालतो. तपासणे सुटले की त्याची दखल हळूहळू, बहुधा काही महिन्यांत, कमी होत जाते.

श्रवणचाचणी अवश्य करून घ्या, कारण ऐकणे कमी झाले असेल तर श्रवणयंत्रानेही पुष्कळांचा कर्णनाद सुसह्य होतो. आवाज एकाच कानात येऊ लागला, नाडीच्या ठोक्यांबरोबर येऊ लागला, चक्कर येऊ लागली किंवा अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र एक दिवसही न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

आपला मुलगा आता त्याच यंत्रमागांच्या खात्यात काम करतो, असे पत्राच्या शेवटी आपण ओझरते लिहिले आहे. तो सुट्टीला येईल तेव्हा कानांत घालायचे फोमचे बोळे त्याच्या हाती द्या आणि रात्री आपल्याला काय ऐकू येते, ते त्याला सविस्तर सांगा.