पन्हळीचा सांधा गळतो तेव्हा

गळक्या सांध्यावर वरूनच नवे सिलिकॉन थापण्याची घाई कृपया करू नका. आधी कडुनिंबाचा पाला आणि कवेलूंचा चुरा काढून पन्हळीत तांब्याभर पाणी सोडा; ते सांध्यापाशीच थबकत असेल, तर दोष उताराचा आहे, आणि दर 3 मीटरला साधारण 1 सेंटिमीटर उतार मिळेपर्यंत कोणताही लेप टिकणार नाही.

उतार ठीक असेल, तर सांधा उघडा. तारेच्या ब्रशने जुने डांबर आणि गंज काढा, मात्र जस्ताचा थर खरवडू नका. वरच्या अंगाचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत बसला पाहिजे. हे उलटे झालेले मी अनेक घरांत पाहिले आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. 10 मीटरची पत्र्याची पन्हळ 30 अंशांनी निवली, की सुमारे साडेतीन मिलिमीटर आखडते, म्हणून सिमेंट किंवा कडक होणारी पुटी तेथे तडकतेच. माझ्या गोठ्याच्या पन्हळीवर लावलेली पुटी एका उन्हाळ्यात पापडासारखी सुटून हातात आली होती. लवचिक, न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉनच घ्या. सिरक्यासारखा आंबट वास येणारे सिलिकॉन जस्ताचा थर खाते. न्यूट्रल सिलिकॉन दोन्ही तुकड्यांच्या मध्ये भरून ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारा आणि किमान 24 तास पाणी लागू देऊ नका. हे काम मृगाच्या आधी, सकाळी पत्रा तापण्यापूर्वी करावे, आणि शिडी धरायला खाली कोणीतरी असावेच.